कंसातला वेळ

शेवटचं वाक्य संपलं, तिनं अंगठा दाबला आणि स्टॉपवॉचकडे पाहिलं. चौदा मिनिटं तेवीस सेकंद. तिला वाटलं, मागच्या नाटकाचा आकडा शून्यावर आणायचा राहून गेला असेल. पण तसं तिच्या हातून सहा वर्षांत एकदाही झालेलं नव्हतं. मंडळात तिला सगळे ‘सेकंद’ म्हणत ते काही उगीच नाही. तिनं मांडीवरची वही उजेडात ओढली. पाचव्या क्रमांकाच्या नाटकापुढे, वाचनाच्या रकान्यात, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : अकरा मिनिटं चाळीस सेकंद. माणसं तीच, वाक्यं तीच, एक शब्दही वाढलेला नाही आणि तरी पावणेतीन मिनिटं कुठून तरी आत शिरली होती. ती माळ्यावरून वाकून खाली बघू लागली. रंगमंचावर औषधवाल्या बाई हातात फोन धरून तशाच उभ्या होत्या. खाटेवरचे पोस्टमनकाका उठून बसले आणि म्हणाले, “संपलं का? मला आयुष्यात पहिल्यांदा झोपायचं काम मिळालं आणि तेही बारा मिनिटांचं.” एरवी काकांच्या अशा बोलण्यावर अर्धी माणसं तरी हसत. आज रंगीत तालमीला खुर्च्यांमध्ये बसलेली दहा-बारा माणसं नुसती बघत राहिली. एका बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. आणि तिच्या लक्षात आलं की आकड्याचा धक्का हा दुसरा होता. पहिला बसून गेला होता, औषधवाल्या बाईंनी सुईत काळा दोरा ओवला तेव्हा. त्याच्याकडे तिनं अजून पाहिलेलंच नव्हतं.

हे नाट्यगृह म्हणजे मुळात बर्फाचा कारखाना. भिंती हातभर जाड, उन्हाळ्यातही गार आणि प्रकाशयोजनेसाठी जो माळा होता तो पूर्वी लाद्या मोजणाऱ्या कारकुनाचा. तिला हे कळलं तेव्हा आपली जागा बरोबर आहे असं वाटलं होतं. मंडळ दरवर्षी आसपासच्या माणसांनी लिहिलेली सात नवी छोटी नाटकं करत असे. लिहिणारं कोणीही असे. संहितांवर नाव नसे, फक्त क्रमांक. नाव कळायचं ते प्रयोग झाल्यावर : भूगोलाचे सर, म्हणजे मंडळाचे दिग्दर्शक, क्रमांक पुकारत, ती सभागृहाचे दिवे अर्ध्यावर आणी आणि लिहिणारा जिथं असेल तिथं उभा राही. तोवर गुपित एकट्या पोस्टमनकाकांना ठाऊक, कारण हस्तलिखितं तेच टाइप करत. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न वाचता पोचवलेल्या माणसाच्या पोटातून काही काढणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. बारा मिनिटांचा नियम मात्र तिचा होता. सहा वर्षांपूर्वी एका गृहस्थांचं नाटक पन्नास मिनिटं चाललं आणि शेवटच्या नाटकाला लिहिणाऱ्या मुलीचे आईवडील आणि रखवालदार एवढेच प्रेक्षक उरले. त्या मुलीचं तोंड बघून तिनं कागदावर जाड अक्षरात लिहिलं आणि दाराशी चिकटवलं : ‘बाराव्या मिनिटाला दिवा जाईल.’ दिवा घालवणारा हातही तिचाच ठरला. कोणाचा घात नको म्हणून महिनाभर आधी सगळ्या नाटकांचं वाचन व्हायचं. ती घड्याळ लावी आणि कंसातल्या सूचना वाची, बाकीचे वाक्यं वाचत. बारा मिनिटांच्या वर गेलेली संहिता आठ दिवसांसाठी लिहिणाऱ्याकडे परत जाई, कापायला. सगळं कसं चोख होतं.

पाचवं नाटक वाचलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले होते. एक बाई नवऱ्याची तपकिरी पँट आखूड करत बसली आहे. नवरा खाटेवर, पाठ करून निजलेला. ती ओठांत टाचण्या धरून त्याच्याशी बोलते : तुमचे पाय आखडले की पँट वाढली, ते एकदा ठरवा, गेल्या वर्षी कंबर आवळली, यंदा पायात शिरले, असंच चाललं तर पुढच्या वर्षी तुम्हाला खिशात घालून फिरवीन. नवरा उत्तर देत नाही. शेवटी बाई दोरा तोडते, मुलीला फोन लावते आणि म्हणते, जेवलीस का? या वाक्यावर तर टाळ्याच पडल्या होत्या, पुढचं बोलणं त्यांत जवळजवळ बुडालं, कारण ते तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या आईचं वाक्य होतं. तीही हसली होती. खरं तर ऐकलं नव्हतंच फारसं. वाचनाच्या वेळी ती एकच गोष्ट ऐकते : शेवटचा शब्द. टाचण्यांचं वाचताना तिला आपली आई आठवली होती, पण वेगळ्या अर्थानं. आई मंडळाच्या कपड्यांचं काम बघायची, मागच्या खोलीत टाचण्या ओठांत धरूनच असायची. कोणीतरी आईला बघून लिहिलंय, असं वाटून तिला थोडा अभिमानही वाटला. मग तिनं पुढच्या कंसातलं वाचलं : ‘टाके थांबतात. ती त्याच्याकडे बघते. पुन्हा शिवायला लागते.’ आणि पुढचं : ‘तपकिरी दोरा संपतो. ती काळा ओवते.’ आणि पुढचं : ‘ती बसून राहते.’ तिन्ही वाक्यांना मिळून किती लागतील? सहा-सात सेकंद. आज तीच तीन वाक्यं खाली घडली होती. बाईंचे टाके थांबले, त्यांनी पाठमोऱ्या माणसाकडे पाहिलं आणि सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं की तो आता नाही. मग बाईंनी पुन्हा सुई चालवली. तपकिरी दोरा संपला, काळ्याचं रीळ घेतलं. दोरा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा सुईच्या नेढ्यातून गेला. मग त्या बसून राहिल्या. बसूनच राहिल्या.

“सेकंद, किती?” सरांनी खालून विचारलं.

तिनं आकडा सांगितला. सरांनी कपाळाला हात लावला. “मग गप्प बसणं कापू. बाई, तुम्ही अर्ध्या मिनिटात फोन उचला.”

“अर्ध्या मिनिटात माझा दोरासुद्धा ओवून होत नाही, सर. चाळिशी लागलीये मला.”

“ओवलेलाच ठेवा.”

“आणि ह्यांनी मरायचं कधी?”

“माझी काही हरकत नाही,” पोस्टमनकाका म्हणाले, “मी आल्याआल्या मरतो. तेवढीच झोप जास्त.” पण बोलताना त्यांनी वर माळ्याकडे पाहिलं. ती नजर गमतीची नव्हती. आगाऊ माफी मागितल्यासारखी होती. तिला वाटलं, ह्यांना ठाऊक आहे. टाइप करताना सगळ्यात आधी ह्यांनीच वाचलं असणार आणि तरी त्या खाटेवर जाऊन निजले.

“काही कापू नका अजून,” ती म्हणाली. “साडेपाचला सांगते.” सर बघतच राहिले. सेकंदनं उत्तर द्यायला वेळ मागितलेला त्यांनी कधी पाहिला नव्हता. प्रयोग सहाला होता. आता पावणेतीन वाजत होते.

ती माळ्यावरच बसून राहिली. खाली सहाव्या नाटकाचं टेबल मांडत होते, त्याचा एक पाय डुगडुगत होता आणि कोणीतरी त्याच्याखाली कागदाची घडी सरकवत होतं. बाबांना शेवटी घातलेली पँट तपकिरी होती. माणसं भरलेल्या त्या खोलीत, कुठं बघावं हे न कळून तिनं त्यांच्या पायांकडे पाहिलं होतं आणि मनात आलं होतं की पँट अगदी मापाची आहे. गेल्या वर्षभरात बाबांच्या अंगावर मापाचं असं काही उरलेलं नव्हतं. डाव्या पायाची शिवण तपकिरी होती, उजव्या पायाची अर्ध्यापासून पुढे काळी. असलं काही दिसतं तिला. पाण्याच्या सगळ्या नमुन्यांत ज्याचा गढूळपणा एक अंशानं जास्त असतो तो तिला नुसत्या डोळ्यांनी ओळखू येतो, प्रयोगशाळेत त्याबद्दल तिची चेष्टा होते. काळा दोरा दिसला आणि ती तो विसरूनही गेली, कारण त्यानंतर हातात दुसरे दोन आकडे आले. डॉक्टरांच्या कागदावर, अंदाजे म्हणून, लिहिलं होतं : अकरा वाजून वीस मिनिटं. आणि तिच्या फोनमध्ये आईचा फोन नोंदला होता : बारा वाजून पाच. मधली पंचेचाळीस मिनिटं तिनं तीन वर्षं जवळ बाळगली होती. आई शेजारी गेली असेल आणि तिला कळलंच नसेल. कळलं असेल पण ती घाबरली असेल. लगेच कोणाला बोलावलं असतं तर कदाचित. ह्या कदाचितला पुढे काही नव्हतं, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की मिनिटाभराचा खेळ झाला, कोणी काही करू शकलं नसतं. पण कदाचित हा शब्द डॉक्टरांचं ऐकत नाही. आणि पंचेचाळीस मिनिटांहून न विसरण्यासारखा तो फोनच होता. ती तेव्हा प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीपाशी उभी होती, थेंब थेंब सोडत, रंग बदलायची वाट बघत. फोन कानाला लावला तर आई म्हणाली, जेवलीस का? नाही अजून, ती म्हणाली. मग आधी डबा खा, आई म्हणाली, नीट खा आणि मग मला फोन कर. आवाज नेहमीचा. तिनं नमुना संपवला, हात धुतले, खिडकीशी बसून डबा खाल्ला, सगळा. शेजारच्या मुलीला एक विनोदही सांगितला. मग फोन केला. तिचे बाबा जाऊन तासाहून अधिक झाला होता आणि ती भाजी चांगली झालीये असं म्हणत होती. ही गोष्ट तिनं कोणालाही सांगितली नाही. वर्षभरानं तिनं प्रयोगशाळेजवळ खोली घेतली, जाण्यायेण्याचा वेळ वाचतो म्हणाली. दर गुरुवारी ती आईकडे जायची, चहा प्यायची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. पंचेचाळीस मिनिटांचं कधी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागतं.

मागच्या खोलीत आई खिडकीशी बसून सातव्या नाटकातल्या शिपायाच्या सदऱ्याला बटणं लावत होती. ओठांत चार टाचण्या. तिला बघून आईनं मान हलवली आणि पायानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली. कपड्यांना इस्त्रीचा आणि पावडरचा वास होता.

“पाचवं नाटक चौदा मिनिटांवर गेलं,” ती म्हणाली.

आईनं टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. घाईनं नाही. “मग?”

“मग नियमाप्रमाणे बाराव्या मिनिटाला दिवा जाईल. बाई गप्प बसलेली असतानाच. फोनपर्यंत जाणारच नाही नाटक.”

“नियम तुझाच आहे.”

“माझाच आहे.”

“मग घालव. त्यात मला काय विचारायचं? मी का लिहिलंय ते?” आईनं सदरा उलटा करून झटकला. “लिहिणाऱ्याला वाईट वाटेल, एवढंच. पण लिहून झालं की अर्धं काम झालेलं असतं म्हणतात.”

ती उशीतल्या टाचण्या बघत राहिली. मग म्हणाली, “मला त्या बाईचं एक कळलं नाही. तिला तर कळलंय. मग ती लगेच फोन का नाही करत?”

आई बराच वेळ बटणाच्या भोकात सुई शोधत होती. “मी आपलं माझं सांगते हं, लिहिणाऱ्याच्या मनातलं मला काय ठाऊक. एकदा फोन केला की घर भरतं. चपलांचा ढीग पडतो दाराशी. मग तो माणूस सगळ्यांचा होतो. काका होतो, साहेब होतो, बाबा होतो. तिला वाटलं असेल, एवढी पँट होईपर्यंत माझा राहू दे.”

“आणि मुलीचा काय हक्क नव्हता?”

“होता ना. मी कुठं नाही म्हणते.” आईनं दोरा दातानं तोडला. “चुकलंच तिचं. पण चुकलं तरी ते तिनं केलं. नाटकात बाईनं फक्त बरोबर तेवढंच करायचं असा काही नियम आहे का? तोही लाव दाराशी.”

“आणि जेवायला का सांगायचं? त्या मुलीनं काय करायचं पुढे, तो घास आठवून?”

“मुलगी त्यानंतर दोन दिवस पाणीसुद्धा घेणार नाही, हे तिला माहीत होतं. लहानपणापासून तसंच तिचं. मांजर मेलं तेव्हाही.” आई थांबली. मांजर नाटकात नव्हतं. खोलीत कोणीतरी हँगर शोधायला आलं आणि न सापडून गेलं. “आता तीन वर्षं झाली, दर गुरुवारी येते, कप विसळून उपडा घालते, एक थेंब राहू देत नाही. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. भांडायला ये म्हणून फोन थोडाच करता येतो. मग म्हटलं, लिहावं.” आणि पुन्हा चारही टाचण्या ओठांत धरून तिनं सदरा मांडीवर घेतला. टाचण्या तोंडात असल्या की आईशी बोलता येत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा म्हणायचे, तुझ्या आईचं दार चार खिळ्यांचं आहे.

ती बाहेर आली. उत्तर मिळालं होतं आणि ते तिला आवडलेलं नव्हतं. बाबांचा शेवटचा पाऊण तास आईनं स्वतःला घेतला होता, सरळ सरळ, माहीत असून. गेली तीन वर्षं ती आईला घाबरलेली, गोंधळलेली, शेजारी गेलेली समजत होती आणि मनातल्या मनात तिच्यावर दया करून रागावत होती. ह्या बाईवर दया करता येत नव्हती. तिला एकदम मोकळं वाटलं आणि त्या मोकळेपणाचाच राग आला. बरं, हे सगळं एकीकडे, दिव्याचं काय? नियमानं दिवा घालवला तर कोणी तिला बोट लावलं नसतं. उलट, आईच्या नाटकाचा दिवाही तिनं घालवला, असं कौतुकानं सांगितलं गेलं असतं. आणि ‘जेवलीस का’ हे वाक्य दीडशे माणसांत बसून तिला ऐकावं लागलं नसतं. न घालवला तर आपल्या माणसाला सवलत. ती माळ्यावर गेली, पेटीतून मागच्या पाच वर्षांच्या वह्या काढल्या आणि मांडी घालून बसली. प्रयोगशाळेत आकडा विचित्र आला की ती आधी नमुन्याला नाही, स्वतःला तपासते. वाचनाचा रकाना, प्रयोगाचा रकाना. फरक : पाच सेकंद, वीस, दोन मिनिटं, शून्य, दीड मिनिट. मग ज्यांचा फरक मोठा त्या संहिता तिनं काढल्या आणि कंस मोजले. जिथं कंस जास्त तिथं फरक जास्त. एकाही नाटकात हे चुकलं नव्हतं. ‘तो खिडकीशी जातो आणि बराच वेळ बाहेर बघतो’ हे वाचायला तीन सेकंद लागतात आणि बराच वेळ बघायला बराच वेळ. सहा वर्षं ती माणसांच्या गप्प बसण्याचं वाचन करून त्यालाच मोजमाप समजत आली होती. ज्या नाटकात माणसं अखंड बोलत ती सुखरूप सुटत. जी थांबत, बघत, बसून राहत, त्यांच्यावर अंधार पडे. गेल्या वर्षीच्या वहीत तिसऱ्या क्रमांकापुढे दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या नाटकात डॉक्टर बोलतो आणि खुर्चीतला रोगी आ वासून असल्यामुळे उत्तर देऊ शकत नाही. कंस चौदा. दिवा गेला तेव्हा अकरा शब्द राहिले होते.

डॉक्टर सभागृहात खुर्च्यांच्या रांगा सरळ करत होते. रुसून वर्षभर आले नव्हते आणि आता आले होते ते फक्त खुर्च्या लावायला, असं ते प्रत्येकाला सांगत.

“डॉक्टर, गेल्या वर्षी तुमच्या नाटकाचा दिवा मी घालवला.”

“हो का? मला वाटलं वीज गेली,” डॉक्टर म्हणाले आणि खुर्ची बोटभर मागे घेतली.

“चूक माझी होती.” आणि तिनं सगळं सांगितलं, वही उघडून, बोट ठेवून. डॉक्टरांनी चष्मा वर करून दोन्ही रकाने वाचले.

“म्हणजे मी वेळेत होतो?”

“नाही. वेळेच्या बाहेरच होतात. पण ते मी महिनाभर आधी सांगायला हवं होतं. तुम्ही कापलं असतंत.”

“कापलं असतं,” डॉक्टर विचार करत म्हणाले. “तो सुरुवातीचा बायकोचा भाग मलाच आवडत नाही.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या दाढेकडे बघावं तसं. “आणि हे आज का सांगताय?”

“पाचव्या नाटकाचं तेच झालंय. आज मी कोणाचाच दिवा घालवणार नाही. सातांपैकी एकाचाही नाही. माझं मापच खोटं आहे.” तिला वाटलं इथं थांबता येईल. “आणि पाचवं माझ्या आईचं आहे.”

“ते नंतर कळायचं असतं.”

“कोणाला तरी आधी कळायला हवं होतं. तुम्हालाच.”

डॉक्टर खुर्चीवर बसले. “मी ह्यावर बोलणार आहे. मोठ्यानं आणि सगळ्यांसमोर. पण नाटकं झाल्यावर.” मग ते म्हणाले, “ते अकरा शब्द मी अजून दाढी करताना म्हणतो. ऐकायचेत?” आणि तिनं मान हलवण्याआधीच, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत, अगदी हळू आवाजात त्यांनी म्हटलं, “बंद करा तोंड. आता दुखणार नाही. दोन तास काही बोलू नका.” ती बोटांवर मोजत होती. अकरा भरले. “चांगलं आहे,” ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, “आहेच.” साडेपाचला तिनं सरांना सांगितलं. सरांनी आठ वाजतील, रखवालदार ओरडेल, चहा पुरणार नाही, असं सगळं बोलून घेतलं आणि मग म्हणाले, “ठीक. बाई, हवं तेवढं बसा.”

पाचव्या नाटकाचा पडदा उघडला तेव्हा सभागृह भरलेलं होतं. तिनं घड्याळ लावलं. नियम गेला तरी नोंद जात नाही. लोक हसत होते, वाचनाला हसले होते त्याच जागी; खिशात घालून फिरवीन, ह्याला तर टाळी पडली. मग टाके थांबले. हसू मागच्या रांगांतून पुढे येत येत विझलं. काळा दोरा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. सुई पुन्हा चालू झाली, गाठ बसली आणि औषधवाल्या बाई पँट मांडीवर घेऊन बसून राहिल्या. अकरा मिनिटं पाच सेकंद. बर्फाच्या कारखान्याची जाड भिंत बाहेरचा एक आवाज आत येऊ देत नव्हती. तिचा उजवा हात दिवे कमीजास्त करणाऱ्या डिमरवर होता, सवयीनं. साडेअकरा. कोणीतरी खोकलं आणि खोकला अर्ध्यावर गिळला. आई अशीच बसली असेल, उजव्या हाताला खिडकी, समोर तो पलंग, बाहेर भाजीवाल्याची हाक आली असेल, कुकर लावलेला असेल, तो तिनं उठून बंद केला असेल आणि पुन्हा येऊन बसली असेल. पंचेचाळीस मिनिटं. इथं एक मिनिट माणसांना पेलवत नव्हतं. बाराला पाच सेकंद असताना घड्याळ तिच्या तळव्यात थरथरलं. तो इशारा तिनंच लावून ठेवलेला होता. आणि हात सरकू लागला. तिनं ठरवलेलं सगळं जागच्या जागी होतं, वह्या, रकाने, डॉक्टर, आणि हात तरी सरकत होता, कारण अंधार करणं सोपं होतं आणि अंधारापलीकडे तो फोन होता. खाली तिसऱ्या रांगेत डॉक्टरांनी मान वळवून वर पाहिलं. तिनं हात डिमरवरून उचलला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला, गुडघ्यांच्या मधे, लहान मुलं थंडीत धरतात तसा. बारा. बारा एक. बारा दोन. त्यानंतरचे आकडे तिनं पाहिले नाहीत. ती बाईंकडे बघत होती. बाई काहीही करत नव्हत्या. बाबांच्या शेजारी कोणीतरी होतं, असं तिच्या मनात आलं. एवढंच आलं. त्या पंचेचाळीस मिनिटांत ती आजवर नुसती आपली गैरहजेरी मोजत आली होती. खोलीत कोणी होतं का, हे कधी मोजलंच नव्हतं.

बाईंनी फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. नंबर लावला. “हं, मीच. जेवलीस का?” कोणी हसलं नाही. “मग आधी डबा खा. नीट खा. आणि मग मला फोन कर.” तिनं दिवा घालवला, नाटकात लिहिलं होतं तिथं.

टाळ्या सुरू व्हायला वेळ लागला. तेवढ्या अंधारात तिनं चाचपडत वही ओढली आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या रेघेभर उजेडात प्रयोगाच्या रकान्यात लिहिलं : चौदा मिनिटं एकतीस सेकंद. मग वाचनाच्या रकान्यातल्या अकरा-चाळीसवर एक आडवी रेघ मारली, आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी प्रयोगशाळेत लिहितात तसं लिहिलं : चूक मोजणाऱ्याची. खाली सही केली.

“क्रमांक पाच,” सर म्हणाले. “लिहिणारं कोण?”

तिनं सभागृहाचे दिवे अर्ध्यावर आणले. माना इकडेतिकडे वळल्या. बराच वेळ कोणीच उठलं नाही. मग बाजूच्या दारातून, कपड्यांच्या खोलीकडून, आई आली. गळ्यात टेप, सदऱ्याची एक बाही अजून हातात. लोकांना वाटलं काही निरोप आहे. आई दारातच उभी राहिली आणि उभीच राहिली, तेव्हा कळलं. पोस्टमनकाका खाटेवरून उठून सगळ्यात आधी टाळ्या वाजवू लागले, मेलेला माणूस असून. आईनं कोणाकडे पाहिलं नाही. कपाळावर हात आडवा धरून ती वर माळ्याकडे बघत होती, पण दिव्यांच्या पलीकडचं तिला दिसत नव्हतं. माळ्यावरचं माणूस खालून दिसू नये म्हणून तिथला दिवा कधी लावायचा नाही, हाही तिचाच नियम. तिनं हात वर केला, मग तो दिसणार नाही हे लक्षात आलं. मेजावरच्या छोट्या दिव्यावर काळा कागद गुंडाळलेला होता. तिनं तो ओढून काढला आणि बटण दाबलं. उजेड तिच्या तोंडावर, गळ्यावर, उघड्या वहीवर पडला. खालच्या काही माना वर वळल्या.

आईला ती दिसली. टाळ्यांत बोलणं ऐकू जाण्यासारखं नव्हतंच. आईनं सदऱ्याची बाही काखेत धरली, मोकळ्या हाताची पाचही बोटं एकत्र केली आणि तोंडाकडे नेली, भुवया उंचावून, विचारल्यासारखी.

ती उजेडात तशीच बसून राहिली. मग तिनं मान हलवली. नाही.